मेव्हिस इंजिनं मळवते

आमच्या थॉर्नशॉत मेव्हिस हारग्रीव्ह्ज काय काम करते, असं परक्या माणसाने विचारलं की पंचाईत होते. लोक तिच्याकडे नवीकोरी खेळण्यातली इंजिनं पाठवतात. खेळण्यातली म्हटलेलं त्यांना खपत नाही बरं का, मॉडेल म्हणायचं. तर अशी चकचकीत मॉडेलं ते पाठवतात आणि मेव्हिस ती मळवून परत देते. हो, मळवून. छतावर काजळी, चाकांवर ब्रेकची तांबूस भुकटी, टाकीच्या तोंडाखाली तेलाचे ओघळ, समोरच्या काचेवर वायपर फिरतो तेवढा अर्धगोल स्वच्छ आणि बाकी सगळी धूळ. मॉडेल हातात घेतल्यावर माणूस नकळत बोटं पँटला पुसतो, इतकं ते काम बेमालूम. गावातली मंडळी तिला वेडी म्हणत नाहीत, कारण तिला म्हणायचं तर खोकी पाठवणाऱ्या सगळ्यांनाच म्हणावं लागेल, आणि त्यात आमचे दातांचे डॉक्टरही आहेत.

या कामात ती पडली ती केकमुळे. उभा जन्म तिने बाजारातल्या बेकरीत केक सजवले. लग्नाच्या केकवर साखरेची फुलं करायची आणि त्यांच्या पाकळ्यांवर एअरब्रशने रंगाचा बारीक फवारा मारायचा, यात तिचा हात धरणारा आमच्या आख्ख्या लँकाशायर परगण्यात कुणी नव्हता. बेकरी बंद झाली तेव्हा मालकाने तिला तो एअरब्रश भेट दिला. मग कुणाच्या तरी मॉडेल रेल्वेतली मालडब्यांची एक जोडी तिने गंजवून दिली, सहज, चहा उकळेपर्यंत. बघणाऱ्याचा आ वासलेलाच राहिला. "अहो मेव्हिस, हा गंज कुठे शिकलात?" त्याने विचारलं. "गुलाबाची पाकळी आणि गंज, दोन्हींचं एकच असतं," मेव्हिस म्हणाली, "मध्ये गडद आणि कडेला विरत जातं. फक्त गंजाला चव नसते."

तेव्हापासून बाईची नजर बिघडली ती बिघडलीच. एकदा बस थांब्यावर उभी असताना समोरच्या लोखंडी कचरापेटीचा तळ बघत बसली आणि बस आली न् गेली. दुसरी आली, तीही गेली. चर्चमध्ये पाद्रीबुवा प्रवचन देत होते आणि ही खिडकीबाहेरच्या पन्हळीखालचा हिरवा डाग न्याहाळत होती. बाहेर आल्यावर पाद्रीबुवांना म्हणाली, "फार सुंदर." ते बिचारे खूश झाले.

आता तिच्या नवऱ्याकडे वळू, कारण सगळी गंमत तिथे आहे. क्लिफर्ड हारग्रीव्ह्ज बस डेपोत फिटर होता. निवृत्त झाला तशी बस सुटली आणि इंजिन मागे लागलं. इंजिनाचं नाव डोरिस. साठच्या दशकातलं हिरवं डिझेल, पिवळ्या तोंडाचं. सरकारी रेल्वेने ते मोडीत काढलं, तेव्हा आमच्याकडच्या काही खुळ्यांनी मंडळ स्थापून ते भंगारवाल्याच्या दारातून ओढून आणलं. आता दरीतल्या जुन्या मार्गावर डोरिस दर शनिवारी हौशी लोकांचे डबे ओढते, आणि क्लिफर्ड तिला पुसतो. हाच त्याचा हुद्दा समजा. शनिवारी पहाटे जो फडकी घेऊन निघतो तो दिवस मावळेपर्यंत पुसत असतो. दाराच्या मुठी, कठडे, पायऱ्या, धक्का झेलणारे बफर, एकही जागा सुटत नाही. कुणा पोराने तिच्या अंगावर बोट उमटवलं तर क्लिफर्डचा चेहरा असा होतो की पोराची आई आपणहून माफी मागते.

"सवत आहे ती माझी," मेव्हिस सगळ्यांना सांगते. "पण सवत बरी. पगार मागत नाही, घरी येत नाही आणि याला दमवून पाठवते."

एक दिवस नवरा पुसतो आणि बाकीचे दिवस बायको मळवते, असा हा संसार. मंडळात यावर विनोद करून लोक थकले. पण एक गोष्ट विनोदाची नव्हती, आणि ती मेव्हिसशिवाय कुणाला माहीत नव्हती. क्लिफर्डने तिचं काम कधीही बघितलं नव्हतं. एकदाही नाही. मागच्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल आहे, त्यावर दिवा आणि मोठं भिंग. त्या टेबलावरून तो जायचा तो शाकाहारी माणूस खाटकाच्या दुकानावरून जातो तसा, मान वळवून. "झाली का घाण करून?" एवढं विचारायचा, तेही प्रेमानेच. तो वाईट माणूस नाही. पण देशभरातून लोक पत्रं पाठवून कौतुक करत आणि घरचा माणूस बघतही नसे, हे तिला लागायचं. ती बोलून दाखवायची नाही. आपणहून "बघ ना रे" म्हणायचं वय गेलं, असं तिला वाटे, आणि तरी दर वेळी काम संपलं की ती ते टेबलाच्या पुढच्या कडेला, जाता-येता दिसेल असं ठेवायची.

तर अशात डोरिसचं मॉडेल निघालं.

हे किती मोठं, ते बाहेरच्याला कळायचं नाही. दर जानेवारीत मॉडेलवाल्या कंपन्या जाहीर करतात की यंदा अमुक इंजिन काढणार. सगळ्यांची इंजिनं येऊन गेली. पलीकडच्या दरीतलं एक डिझेल, ज्याला चढण चढताना दम लागतो, त्याचंसुद्धा मॉडेल आलं, तीन रंगांत. वाफेच्या इंजिनांचे भक्त तर डिझेलला मुळी इंजिनच मानत नाहीत, 'पत्र्याचा डबा' म्हणतात, आणि चहाच्या खोलीत क्लिफर्डला विचारायचे, "काय क्लिफ, तुमच्या डब्याचं मॉडेल कधी? बिस्किटं ठेवायला हवं होतं." क्लिफर्ड गप्प बसून बिस्किट बुडवायचा. आणि मग एका जानेवारीत कंपनीने डोरिसचं नाव घेतलं. आज आहे तशी, जपलेली, हिरवीगार डोरिस. मर्यादित आवृत्ती, प्रत्येकीला आपला क्रमांक.

कंपनीची माणसं लेझरने मापं घ्यायला आली तेव्हाची हकीकत मंडळात अजून सांगतात. क्लिफर्डने आदल्या आठवड्यात डोरिसला असं घासलं होतं की तिच्यात बघून दाढी करावी. माणसांनी यंत्र लावलं आणि डोकं खाजवलं. फार चमकतंय, म्हणाले, लेझर नीट वाचत नाही. जरा पावडर मारावी लागेल. आणि त्यांनी क्लिफर्डच्या डोळ्यांदेखत डोरिसच्या अंगावर पांढरी भुकटी उडवली. क्लिफर्ड शेडच्या मागे जाऊन उभा राहिला. "तिथेच थांबलो असतो तर मारामारी झाली असती," असं त्याने रात्री जेवताना सांगितलं. मेव्हिसने त्याच्या ताटात लाल कोबीचं लोणचं जरा जास्त वाढलं.

मॉडेलं चीनमधून यायला वेळ लागला. पुढच्या वसंतात म्हणाले, मग उन्हाळ्यात, मग जहाज अडकलं म्हणाले. शेवटी शरद ऋतूत, आमच्याकडे दरवर्षी भरते त्या डिझेल इंजिनांच्या जत्रेच्या आठवड्यात, खोकी आली. मंडळाने ठरवलं की पहिल्या क्रमांकाचं मॉडेल क्लिफर्डला द्यायचं, जत्रेच्या शनिवारी, स्टेशनच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. मंडळाचे अध्यक्ष रोलंड साइक्स सोमवारीच ते त्याच्या घरी घेऊन आले.

"आधी नीट तपासून घे," रोलंड म्हणाले. "मागच्या वेळी एका समारंभात मखमल उचलली आणि बफर घरंगळत पहिल्या रांगेत गेला. तसलं काही नको."

क्लिफर्डने आधी हात पुसले आणि मग खोकं घेतलं. मेव्हिसला त्याच्याकडे बघून भरून आलं. एवढा बाप्या माणूस, आणि खोकं असं छातीशी धरलेलं.

नेमकी त्याच सकाळी पोस्टाने दुसरी एक डोरिस मेव्हिसकडे आली होती. नॉरिचचे कुणी मिस्टर पार्जिटर, त्यांची. क्रमांक दोनशे चौदा. त्यांनी कळवलं होतं की मॉडेल जसं आहे तसं फार निर्मळ आहे. दिवसभर गाड्या ओढून डोरिस संध्याकाळी शेडमध्ये परतते तेव्हा जशी दिसते तशी करून द्या, मी जत्रेला येतोच आहे, तेव्हा घेऊन जाईन. मेव्हिसने मंगळवारी सकाळी कामाला हात घातला आणि बुधवारी दुपारपर्यंत मानेवर खडा ठेवून बसली. काम मनासारखं उतरत होतं. नाकावरच्या पिवळ्या रंगात तिला सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसला, कारखान्यातच राहून गेलेला. ती हसली. उन्हाळ्यात पळणाऱ्या इंजिनाच्या तोंडावर किडे चिरडतात, तसा हा पहिला किडा. त्याच्या शेजारी तिने आणखी चार-पाच काढले, पंखांसकट.

शेवटी चाकांच्या आतल्या बाजूला भुकटी लावायला तिने मॉडेल उलटं केलं. खाली, मधोमध, उठावाचा बारीक आकडा होता. तिने भिंग ओढलं. मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"क्लिफ!"

क्लिफर्ड स्वयंपाकघरात वर्तमानपत्र वाचत होता. "काय?"

"इकडे ये."

"घाण सांडली का?"

"ये म्हणते ना."

तो आला, नेहमीसारखी मान तिरकी ठेवून.

"याच्या पोटावर कोणता आकडा आहे, वाच."

"पोटावर कुठे आकडा असतो? आकडा तर आतल्या कार्डावर..." तो वाकला. आणि मग त्याचा चेहरा जो पांढरा पडला, तो बघून मेव्हिसला सगळं कळलं. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचा असा चेहरा तिने एकदाच बघितला होता, त्याने तिच्या आईची मांजर गॅरेजमध्ये कोंडली होती तेव्हा.

"क्लिफर्ड हारग्रीव्ह्ज. काय केलंस तू?"

मग हळूहळू बाहेर आलं. सोमवारी ती बाजारात गेली असताना याने आपलं मॉडेल तिच्या दिव्याखाली, तिच्या भिंगातून तपासलं. आणि त्याला नाकावरचा तो काळा ठिपका दिसला. पहिल्या क्रमांकाच्या डोरिसच्या तोंडावर डाग! त्याला घास गिळवेना. शेजारीच पार्जिटरचं खोकं. सहज उघडून बघितलं, तर ते नाक स्वच्छ. आता ज्यांना हा नाद आहे त्यांना यात काही विशेष वाटायचं नाही. दुकानात एकाच इंजिनाची चार खोकी उघडून त्यातलं सरळ रंगवलेलं निवडणं हा त्यांचा धर्मच. क्लिफर्डने दोन्ही मॉडेलं बदलली. स्वतःचं पार्जिटरच्या खोक्यात, त्यांचं आपल्या खोक्यात.

"म्हटलं, त्यांचं तू मळवणारच आहेस," तो पुटपुटला. "एक ठिपका काय नि दहा काय. कुणाला दिसणार आहे?"

"आणि खालचा आकडा?"

"मी कधी उलटं करतो का मॉडेल? उलटं केलं की बारीक भाग गळतात. कुणी शहाणा माणूस उलटं करत नाही."

"रोलंड करणार आहे. शनिवारी. सगळ्यांसमोर. पहिला क्रमांक दाखवायला." मेव्हिसचा आवाज चढला. "आणि माझ्या गिऱ्हाइकाचं खोकं उघडलंस! माझ्या टेबलावर बसून! लाज वाटायला हवी होती, क्लिफ. तुझ्या फडक्याला कुणी हात लावला तर घर डोक्यावर घेतोस."

क्लिफर्ड खाली मान घालून उभा होता. चूक कबूल होती. पण माणसाची नजर राहून राहून टेबलाकडे जात होती, आणि त्या नजरेत काय आहे हे मेव्हिसला वाचता येत होतं. त्याच्या डोरिसवर, पहिल्या क्रमांकावर, काजळी.

"जाईल का हे?" शेवटी त्याने विचारलं.

मेव्हिसने रोगणाच्या बाटलीकडे बघितलं. वरून पारदर्शक रोगण मारलं की रंग पक्का होतो. ते तिने अजून मारलं नव्हतं. खोटं बोलली असती तर खपलं असतं. रोगण मारलंय, आता काही होत नाही, एवढं म्हणायचं की झालं. तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. इतकं चांगलं काम तिच्या हातून या वर्षात झालं नव्हतं.

"जाईल," ती म्हणाली. "स्पिरिटने." बाटली काढली, कापसाच्या काड्या काढल्या आणि त्याच्यासमोर आपटल्याच म्हणा ना. "पूस. तुला पुसायची सवयच आहे. रोगण मी उद्या सकाळी मारते, तोवर काय ते कर." आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

तिथे तिने बटाटे सोलायला घेतले. हॉटपॉट करायचं होतं, मांसावर बटाट्याच्या चकत्या रचून भाजतात ते. चकत्या एरवी ती कागदासारख्या पातळ करते. त्या दिवशी जाड-बारीक, कशाही. तिला रडू येत नव्हतं, संताप येत होता, आणि संताप नवऱ्यावर कमी आणि स्वतःवर जास्त. एवढी वर्षं हा बघेल, हा बघेल म्हणून टेबलाच्या कडेला मॉडेलं मांडत बसलीस, आणि आता त्याने बघितलं तेही पुसण्यासाठी. बरं झालं. एकदाचं कळलं. मांस परतलं, कांदा घातला, वर चकत्या रचल्या, भांडं ओव्हनमध्ये ढकललं. मागच्या खोलीतून काही आवाज नाही. स्पिरिटचा वासही येईना. दार लावून पुसतोय, तिला वाटलं.

हॉटपॉट वरून तांबूस झालं तरी तो आला नाही. ती हात पुसत गेली. जेवायला बोलवायला गेली, असं तिने स्वतःला सांगितलं.

क्लिफर्ड तिच्या खुर्चीत बसला होता, भिंगाला नाक लावून. बाटलीचं बूच तसंच. कापसाच्या काड्या तशाच. डोरिस दिव्याखाली होती, काजळीसकट, किड्यांसकट.

"मेव्ह," तो मान वर न करता म्हणाला, "डाव्या बाजूचं मागचं झाकण. तिथून तेल ठिबकतं आणि पायरीच्या मागच्या बोल्टपाशी वळतं. उजवीकडे नाही वळत, डावीकडे वळतं. तू तसंच काढलंयस."

"मग?"

"फोटोत हे दिसत नाही. मी येऊ देत नाही फोटोत. गाडी आली रे आली की मी पुसून टाकतो. पार्जिटरने फोटो पाठवला होता?"

"नाही."

"मग तुला कसं कळलं?"

मेव्हिसला खरंच आश्चर्य वाटलं. "तूच सांगतोस की! दर शनिवारी, जेवायला बसलास की. आज पुन्हा डावीकडून ठिबकली. आज पुन्हा त्या बोल्टपाशी गेलं. छतावरच्या जाळीचा मागचा अर्धा भागच काळा होतो, पुढचा होत नाही. ड्रायव्हर तो लठ्ठ ॲलन असला की दाराखाली बुटांचे डाग, आणि दुसरा कुणी असला की नाही. वर्षानुवर्षं ऐकतेय, क्लिफ. मला तुझी डोरिस पाठ आहे. दुसरं बोलतोस काय तू?"

क्लिफर्डने भिंग बाजूला केलं. त्याला काही बोलायचं होतं, पण तो आमच्याकडचा माणूस. असं बोलायची वेळ आली की आमची बोबडी वळते. त्याने तिच्याकडे बघितलं, मग मॉडेलकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"तू ऐकत होतीस," तो म्हणाला.

"मग काय, भिंतीशी बोलत होतास?"

"मला वाटायचं, तसंच."

तिने भिंग पुन्हा त्याच्यापुढे ओढलं. "हे किडे बघितलेस?" तिने विचारलं.

"बघितले. त्यातला माझा ठिपका कुठला?"

"ओळख."

त्याने पुष्कळ वेळ शोधला. त्याला काही ओळखता आला नाही. मग तो हसायला लागला आणि त्याचं हसू थांबेना, तशी तीही हसायला लागली. हॉटपॉट खालून लागलं. जेवताना दोघांनी ते खरवडून खाल्लं आणि कुणीही तक्रार केली नाही.

"उद्या रोगण मार," क्लिफर्ड ताट बाजूला सारत म्हणाला. "आणि पार्जिटरना त्यांचंच दे, मळवून. शुक्रवारपर्यंत होईल?"

"होईल. पण तुला नक्की चालेल का? शनिवारी सगळे असतील. वाफवालेही असतील. तुझी पार चटणी करतील."

"करतील," क्लिफर्ड म्हणाला. म्हणाला खरा, पण शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दोनदा मागच्या खोलीत जाऊन आला. रोगण मारून झालं होतं, आता पुसायची सोय नव्हती, हे बरंच झालं असं मेव्हिसला वाटलं. सवय मोठी वाईट असते, आणि भीती त्याहून.

शनिवारी हॉल गच्च भरला. बाहेर डोरिस सकाळपासून धावत होती, आत चहाच्या टेबलामागे मेव्हिस कप भरत होती. मिस्टर पार्जिटर येऊन आपलं मॉडेल घेऊन गेले होते. कोपऱ्यात बसून खोक्यात डोकावत होते आणि स्वतःशीच हसत होते. पुढच्या मेजावर लाल मखमलीखाली पहिला क्रमांक, क्लिफर्डने सकाळी स्वतःच आणून झाकलेला. क्लिफर्डने इस्त्रीचा कोट घातला होता आणि तो दारू चढल्यासारखा लाल झाला होता.

रोलंड साइक्स भाषणाला उभे राहिले की बसत नाहीत. भंगारवाल्यापासून सुरुवात केली. "आणि मित्रहो," शेवटी एकदाचे म्हणाले, "या साऱ्या वर्षांत ज्या माणसाने आपल्या डोरिसवर एक डाग, एक बोट, एक कण राहू दिला नाही, त्याच्या हाती ही तितकीच निर्मळ डोरिस देताना..." आणि त्यांनी मखमल उचलली.

खाली काजळी, तेलाचे ओघळ, चिरडलेले किडे. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि बांध फुटला. वाफवाले तर एकमेकांना धरून हसायला लागले. "क्लिफ, आजारी होतास की काय रे?" "अरे, डबा चुलीवर ठेवला होता वाटतं!" "फडकं द्या रे त्याला, फडकं!" मेव्हिसच्या हातातली किटली कपाबाहेर सांडत होती आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं. तिला फक्त क्लिफर्डची मान दिसत होती, कॉलरवर लालेलाल. आता हा काय करेल? हसण्यावारी नेईल. 'बायकोची गंमत' म्हणेल आणि खिशात घालेल. तिने मनाची तयारी केली. तेवढंही पुरे, तिने स्वतःला समजावलं.

रोलंडना वाटलं, कुणीतरी वाह्यातपणा केला. ते पुरते ओशाळले. "छे छे, हे काय झालं, एक मिनिट, एक मिनिट," म्हणत त्यांनी खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढला, त्याला जीभ लावली आणि डोरिसच्या नाकाकडे हात नेला.

"रोलंड!"

क्लिफर्ड एवढ्या मोठ्याने ओरडेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. बाहेर फलाटावरची माणसंसुद्धा खिडकीतून आत बघायला लागली. त्याने अध्यक्षांचं मनगट धरलं होतं.

"खबरदार हात लावलास तर," तो म्हणाला. "ती घाण माझ्या बायकोची आहे."